म्हाताऱ्या डांबराचा वैद्य

माघातल्या एका बुधवारी सकाळी नाना गेले. चहा घेतला होता. पेपर उघडायचा होता.

दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, आलेल्यांपैकी एका पाहुण्याने मला विचारलं, "नाना नेमकं काय करायचे हो?" मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर काढून हातात देणं, हेच माझं काम होतं. तरी पटकन सांगता आलं नाही. कारण खरं उत्तर असं होतं की नाना रस्त्याचा वास घ्यायचे.

धुळ्यात आमची घरं समोरासमोर. सकाळी फिरायला निघालेली माणसं एकमेकांना नमस्कार करायची, तेव्हा नाना एखाद्या खड्ड्यापाशी उकिडवे बसलेले असायचे. उखडलेल्या डांबराचा खडा उचलायचे, हुंगायचे, अंगठ्याने दाबायचे आणि डॉक्टरने बाहेर येऊन नातेवाइकांना सांगावं तसं सांगायचे, "मरेल नही. वाळेल शे." मेलेलं नाही, नुसतं वाळलंय. मग खडा रुमालात जायचा आणि रुमाल धुताना अक्काच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, तोंडून जे निघायचं ते मला समोरच्या घरात स्पष्ट ऐकू यायचं.

पारोळ्याच्या अलीकडे हायवेलगत एका डांबर प्लँटवर नानांचा जन्म गेला. जुन्या रस्त्याचं खरडून काढलेलं डांबर पुन्हा वापरायचं, हा त्यांचा ध्यास. मला त्यांनी तो विषय लग्न लावून समजावला होता. "डांबरमा दोन जणांचा संसार शे, ग्रंथपाल. एक कडक, एक तेलकट. आपलं ऊन तेलकट जणाला खाऊन टाकतं. कडक एकटा राहतो. एकटा राहिला की तडकतो." अशा वाळलेल्या डांबराला तापवून त्यात योग्य तेवढं तेल मुरवलं, की ते पुन्हा खडीला घट्ट धरतं. त्या तेलाला कंपनीची माणसं रिज्युव्हिनेटर म्हणत आणि प्लँटवरचे मजूर 'जवानीचं तेल'. नाना दोघांवरही चिडत. ते त्याला औषध म्हणत, आणि औषधाचा त्यांचा एकच नियम होता: मायेने घालायचं नाही, मापाने घालायचं. कमी पडलं तर रस्ता फुटतो, जास्त झालं तर उन्हाळ्यात लोळतो.

आता हा नियम खान्देशात पाळायचा म्हणजे कठीण. आमच्याकडे शेवभाजीवर बोटभर तर्री नसली, तर पाहुणा यजमानाच्या तब्येतीची चौकशी करतो. तेल मोजून घालणारा माणूस इथे कंजूष ठरतो. प्लँटवरची पोरं मोठ्या मनाने हात सैल सोडायची आणि नाना तेलाच्या पंपापाशी उभे राहून ओरडायचे, "ही भाजी नही शे रे भो!"

नानांच्या भाचीच्या लग्नाला जळगावला निघालो होतो, तेव्हाची गोष्ट. नशिराबादच्या पुढे लग्नाचं कार्यालय. वाटेत हायवेच्या कडेला खरडलेल्या डांबराचा ढीग दिसला आणि नानांनी गाडी थांबवली. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." ते मुलीचे मामा. मुलीला मांडवात आणायचं काम मामाचं. गुरुजी घड्याळ बघतायत, वाजंत्री थांबलेत, मामाचा पत्ता नाही. अक्का भर मांडवात म्हणाली, "लेक बोहल्यावर जावाले उभी शे, आन् मामा डांबर हुंगी ऱ्हायना!" नाना आले ते काळे हात घेऊन. बाकीच्यांच्या अक्षता लाल होत्या, मामाकडच्या काळ्या. वर नवरीच्या सासऱ्याला सांगून आले, "तुमच्या गावाजवळ सोनं पडलंय सोनं, आणि लोक वरून नवीन डांबर ओततात."

वरून ओतण्याचा त्यांना राग होता, आणि त्याला कारण त्यांच्या दारात होतं. आमच्या कॉलनीचा रस्ता दर काही वर्षांनी नवा होई, म्हणजे जुन्यावर आणखी एक थर बसे. रस्ता वर वर येत गेला आणि घरं होती तिथेच राहिली. नानांच्या दाराची पायरी केव्हाच पुरली गेली. मागच्या एका पावसाळ्यात पाणी सरळ स्वयंपाकघरात आलं. अक्काचे गुडघे गेलेले, ती वॉकर धरून चालते. पलंगावर पाय वर घेऊन ती बसली होती आणि नाना बादलीने पाणी काढत होते. पुण्याहून मुलगा आला. म्हणाला, "पुन्हा पाणी घरात आलं तर आईला मी घेऊन जाणार. तुम्ही बसा रस्त्याशी बोलत." अक्काला जायचं नव्हतं. पुण्यात सातव्या मजल्यावर कोणाच्या दारात बसायचं, असं तिचं म्हणणं.

पुढच्या हिवाळ्यात नवा थर मंजूर झाला. नानांनी ठेकेदाराला गाठलं, पटवलं, जवळजवळ पळवून प्लँटवर नेलं. ठरलं असं, की रस्ता खोल खरडायचा, तेच डांबर औषध घालून परत अंथरायचं, आणि अंथरायचं ते खरडल्यापेक्षा कमी. खरडणारं यंत्र आलं, धूळ उडाली, आणि नानांच्या दारातली पायरी उजेडात आली. अक्काने तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं. नानांनी शेजारी वॉकरसाठी सिमेंटचा उतार बांधून घेतला.

रस्ता झाला, सगळ्यांना आवडला. वैशाखात तो मऊ पडला.

सगळा नाही. फक्त नानांच्या दारासमोरचा तुकडा. एका लग्नाची वरात नेमकी तिथे आली, घोडीचा पाय रुतला, घोडी उधळली आणि नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून तिथून नाहीसा झाला. बँडवाल्याची एक चप्पल डांबरातच राहिली.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, वरून एक थर टाकून देतो, विषय संपेल. आबांच्या ओट्यावर कॉलनीची बैठक बसली. आबा आमच्यातले वडीलधारे, जिभेला हाड नाही. "नाना, म्हाताऱ्याले कितलं बी तेल चोळा, तो काय कुस्ती खेळस?"

"कुस्ती नही, आबा. चालानं शे फक्त."

माणसं हसली. नाना हसले नाहीत. उभे राहिले. "बठ्ठा रस्ता बरोबर शे. मना दारसमोरला तेवढा चुकना. तो मी चुकाडा." सगळा रस्ता बरोबर, दारासमोरचा तेवढा मीच चुकवला.

"तुम्ही? तुम्ही तं थेंब मोजतस!" आबा म्हणाले.

"हात सुटना," नाना म्हणाले. "माल चांगला शे, माणूस चुकना. माणसाची शिक्षा मालाला देऊ नका. तेवढा तुकडा खरडू द्या."

नानांनी चूक कबूल केल्याचं कॉलनीत कोणी कधी ऐकलं नव्हतं. "करा मग," आबा म्हणाले. "पन घोडीले आधी ईचारा."

परत येताना मी विचारलं, "हात कसा सुटला, नाना?"

त्यांनी वाटेतला डांबराचा एक खडा पायाने कडेला सारला. मग म्हणाले, "शेवटची गाडी भरत होतो. ती आमच्या दारापुढची. अक्का एकदा म्हणाली होती, रस्ता कडक लागतो, पाऊल टेकलं की गुडघ्यात कळ जाते. म्हटलं, तेवढा भाग जरा मऊ बसू दे." पुढे म्हणाले, "मऊ रस्ता नसतो, ग्रंथपाल. मला माहीत होतं."

तुकडा पुन्हा खरडला. या वेळी नाना पंपापासून लांब, हात मागे बांधून उभे होते. प्लँटवरच्या पोरालाच तेल मापून घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अक्का वॉकर घेऊन उतारावरून खाली आली आणि दोन पावलं चालली.

"कडक शे," ती म्हणाली.

"ऱ्हावालेच पाहिजे. तुना वॉकर रुताले नको."

"मंग पहिल्यांदा कसाले नरम करा व्हता?"

नानांनी वाकून रस्ता अंगठ्याने दाबून पाहिला. वॉकरवरचा एक हात काढून अक्काने त्यांच्या दंडाला धरलं आणि दोघं आबांच्या दारापर्यंत गेली.

त्या पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून गटारीत गेलं. घरात आलं नाही. मुलगा पुण्याहून आला, पायरीवर बसून चहा प्याला आणि आईच्या सामानाचा विषय न काढता परत गेला.

आता संध्याकाळी अक्का खाली उतरते तेव्हा बरोबर मी असतो. आबांच्या दारापर्यंत जातो, तिथे ती दम खाते, मग परत फिरतो. रस्ता अजून कुठे फुटलेला नाही.