चंद्राचा गिलावा

नीरजाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चंद्राच्या जमिनीचा नमुना करायला घेतला आणि दुसऱ्याच दिवशी तो तिच्या वडिलांच्या ताब्यात गेला. दीनानाथ साठये कुवेतमध्ये अहमदीच्या तेल कंपनीत पाइपलाइनचे इंजिनिअर. घरात कुणी काही करत असताना हात बांधून बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"बाबा, इट्स माय प्रोजेक्ट," नीरजा म्हणाली.

"तुझाच आहे गं. मी फक्त गाइड करतोय."

गाइड करता करता त्यांनी मोठ्या प्लायवूडवर सिमेंटचा जाड थर दिला आणि पळीने खड्डे पाडले. सगळे एका मापाचे, एका ओळीत.

"हा चंद्र आहे की आप्पेपात्र?" नीरजाच्या आईने, श्यामलाताईंनी विचारलं.

नीरजा रडकुंडीला आली. वर्गातून तिची एकटीची निवड झाली होती आणि शनिवारी सकाळी परीक्षकांना तिला वेगळंच समजावून सांगायचं होतं. चंद्रावर मोठी उल्का आदळली की नुसता खड्डा पडत नाही. उडालेली दगडमाती लांबवर जाऊन पडते, जुने बारके खड्डे बुजतात आणि भोवतालची सगळी जमीन खडबडीत होते. वडिलांच्या चंद्रावर उल्का रांगेत उभ्या राहून पडल्यासारख्या दिसत होत्या.

शुक्रवारी सुट्टी. सुलैबियाहून विठ्ठल परब बाल्कनीची भिंत दुरुस्त करायला आला. मूळचा कणकवलीचा, हाडाचा गवंडी. त्याच्यावर घर सोपवून मंडळी भाजी आणायला गेली. परत आली तेव्हा विठ्ठलचा चेहरा नुसता खुलला होता.

"वैनी, भिंत झाली. बाजूक फळी होती, तिचो पण गिलावो करून टाकलंय. एक खड्डो ठेवूक नाय!"

चंद्र आरशासारखा गुळगुळीत झाला होता.

"अरे विठ्ठल, ते खड्डे मुद्दाम पाडले होते!" दीनानाथ ओरडले.

"मुद्दाम? खड्डे कोण मुद्दाम पाडता, साहेबांनू?"

नीरजा खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडू लागली. ते ऐकून दीनानाथांना खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते जास्तच कामाला लागत.

"गिलावा ओला आहे तोवर नवे खड्डे पाडू," असं म्हणून त्यांनी गोट्या टाकल्या. मग बटाटे टाकले. नुसते वळ उमटले. शेवटी त्यांनी खलबत्त्यातला बत्ता मागितला.

"उंचावरून टाकायला हवा. सगळा खेळ वेगाचा आहे." ते बत्ता घेऊन स्टुलावर चढले.

"अहो, स्टूल डुगडुगतंय," श्यामलाताई म्हणाल्या.

"तू फक्त बघ."

श्यामलाताईंनी बघितलं. स्टूल कलंडलं, बत्ता कुंडीत गेला आणि दीनानाथ चंद्राच्या मधोमध बसले. सिमेंट चारी दिशांना उडालं; फळीच्या कडांपर्यंत गेलं, पडद्यावर गेलं, विठ्ठलच्या नव्या भिंतीवरही गेलं.

आवाज ऐकून नीरजा धावत आली. "बाबा, डोन्ट मूव्ह!"

"नाही गं, फारसं लागलं नाही..."

"हळू उठा. कडा मोडतील!"

मध्ये मोठं खोलगट विवर, भोवती उंच कड, आणि तिथून चहूकडे ढेकळं आणि खडबड. गोट्यांचे वळ पार बुजले होते. विठ्ठल सवयीने थापी घेऊन पुढे सरसावला तेव्हा नीरजा दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

शनिवारी परीक्षक बाई नीरजाच्या टेबलापाशी बराच वेळ थांबल्या. तिने सगळं न अडखळता सांगितलं. कोपऱ्यात एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या दीनानाथांचा ऊर भरून आला.

"व्हेरी नॅचरल," बाई म्हणाल्या. "यासाठी इम्पॅक्टर, म्हणजे उल्का म्हणून, काय वापरलंस?"

"माय डॅड," नीरजाने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी चष्मा सारखा करून दीनानाथांना आपादमस्तक न्याहाळलं. "वंडरफुल. मुलांना एकदा करून दाखवता येईल?"

दीनानाथ नकारार्थी मान हलवणार, तेवढ्यात नीरजा म्हणाली, "शुअर, मॅम."

श्यामलाताई तर शिपायाकडे स्टूल मागायला निघाल्यासुद्धा होत्या.