गादी जैसे थे

शिंपीणबाईंच्या दुकानामागून वाहणाऱ्या ओढ्यात, पुलाच्या मोरीच्या तोंडाशी, डबल बेडची एक गादी अडकली. पाणी तुंबून दुकानाच्या मागच्या पायरीला लागलं. आत गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कपडे होते. ते भिजले असते तर बाईंच्या धंद्याला कुलूपच लागलं असतं. म्हणून बाईंनी पाण्यासाठी झटणाऱ्या पाचही संस्थांना फोन केला. एकीलाच केला तर बाकीच्या रुसतील, हा त्यांचा भाबडा विचार.

संस्था आल्या. गादी पाहून सगळ्या हळहळल्या आणि तिथेच काठावर त्यांनी लोकसहभागी पाणलोट संवर्धन आघाडी स्थापन केली.

"ताई, गादी हे नुसतं लक्षण आहे," निमंत्रक म्हणाले. "आपल्याला अख्ख्या पाणलोटाचा विचार करायचाय."

"करा की! तोवर ही ओढून बाहेर टाका."

"असं कसं? सद्यस्थितीचा अहवाल व्हायचाय अजून. गादी काढली तर सद्यस्थिती कुठे राहिली?"

बैठका बाईंच्याच दुकानात भरू लागल्या, कारण आघाडीला लोकांत राहायचं होतं. बोधचिन्हात थेंब असावा की लाट, यावरून दोन संस्थांनी एकमेकींशी अबोला धरला. बाईंना 'समुदाय प्रतिनिधी' असा बिल्ला मिळाला. आधी त्यांना हसू फुटलं. मग तो डावीकडे शोभतो की उजवीकडे, हे आरशात पाहण्यात त्यांची अर्धी दुपार गेली.

पुढच्या आठवड्यात डोंगरात पाऊस झाला आणि पाणी उंबऱ्यापर्यंत चढलं.

"वहिनी, आता पुरे," म्हणत धाकट्या दिराने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, गादीला दोर बांधला आणि ती काठावर ओढून आणली. पाणी खळखळत मोरीतून निघून गेलं. बाईंना हायसं वाटलं.

त्याच दुपारी आघाडीची तातडीची बैठक बसली.

"समुदायाला विश्वासात न घेता?" निमंत्रकांनी विचारलं.

"अहो, भाऊजी घरचेच आहेत!"

"ते व्यक्ती आहेत, ताई. समुदाय तुम्ही आहात. उद्या देणगीदार समस्या पाहायला येणार. समस्याच नसेल तर आघाडी कशाला, आणि प्रतिनिधी तरी कशाला?"

बाईंचा हात नकळत बिल्ल्याकडे गेला.

"एकाच दिवसाचा प्रश्न आहे ना?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही संस्था पहिल्यांदाच एकदिलाने पाण्यात उतरल्या. थेंबवाले आणि लाटवाले खांद्याला खांदा लावून गादी उचलत होते. पुढचं टोक बाईंनी धरलं होतं. गादी अगदी जागच्या जागी बसली, फोटो निघाले. दुपारी देणगीदार आले, तुंबलेलं पाणी पाहून त्यांना गहिवरून आलं. त्यांनी तीन वर्षांचा निधी मंजूर केला. अट एकच, अंतिम मूल्यमापन होईपर्यंत जागेवर काहीही हलवायचं नाही.

संध्याकाळी पाणी दुकानात शिरलं. "भाऊजी, आधी कपडे वर घ्या हो!" बाई ओरडल्या, पण तोवर निम्मे कपडे तरंगत होते. बाईंना स्वतःचा भयंकर राग आला, आणि बिल्ला कोरडा राहिल्याचा आनंदही झाला.

तो फोटो तुम्हीही पाहिलाय. गादी आत जातेय की बाहेर येतेय, हे फोटोत कुठे कळतं? खाली लिहिलं होतं, 'लोकशक्तीने ओढा मोकळा केला!' तुम्ही त्याला हिरवं हृदय दिलंत, चार ग्रुपांवर पुढे पाठवलात, वर 'अशी माणसं हवीत' असंही लिहिलंत. बाईंनी ओल्या हातानेच तुमचे आभार मानले.