दीर्घ आजार (संसर्गजन्य नसलेला)

शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि हक्क म्हटला की अर्ज आलाच. शाळेत पुन्हा प्रवेश घेण्याच्या अर्जाची आज शेवटची तारीख होती. कडेवर दहा महिन्यांची लेक घेऊन सतरा वर्षांची ती कार्यालयाच्या खिडकीपाशी उभी होती. शाळेची शेवटची परीक्षा पास झालीस तर तपासनीस म्हणून घेतो, असं कारखान्याच्या मुकादमाने कबूल केलं होतं. नाहीतर आहेच, दिवसभर उभं राहून खोकी चिकटवणं.

‘शिक्षणात खंड का पडला?’ यापुढे तीन पर्याय होते: स्थलांतर, दीर्घ आजार आणि मृत्यू (विद्यार्थ्याची सही आवश्यक). बाळंतपण नव्हतं. असणार कसं? शाळेच्या अहवालात अशा मुलींची संख्या वर्षानुवर्षं शून्य आहे. कुणकुण लागली की मुलीचं नाव पटावरून कमी होतं, आणि पटावर नसलेलीला मोजणं नियमात बसत नाही. आकडा इतका स्वच्छ ठेवायचा म्हणजे काय खायचं काम आहे?

कारकून मनाने चांगला. त्याने बराच विचार करून ‘दीर्घ आजार’वर खूण केली आणि आजार पूर्ण बरा झाल्याचा दाखला मागितला. आजार तोवर टेबलावर बसून त्याचं शाईचं पॅड चाटत होता.

ती धावतपळत दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तू आजारी नव्हतीसच, मग बरी झालीस असं कसं लिहू? त्याही नियमानेच चालणाऱ्या. ती परत आली तेव्हा खिडकी बंद व्हायला दोन मिनिटं होती.

"सर, एका कागदापायी माझं वर्ष जाईल हो."

"अगं, पुढच्या वर्षी ये की," कारकून मायेने म्हणाला. "वय तेवढं बसायचं नाही तेव्हा."

तिला रडूच कोसळणार होतं, पण लेक भिंतीकडे बघून खुदकन हसली. भिंतीवर ‘आदर्श विद्यार्थी’ म्हणून तिच्याच वर्गातल्या एका मुलाचा फोटो होता. नाक हुबेहूब लेकीसारखं. हजेरी शंभर टक्के; लेक जन्मली त्या दिवशीही तो वर्गातच होता. आता कॉलेजात आहे. त्याच्या प्रवेशअर्जात खंडाचा रकाना कोराच राहिला.

त्याच्याबद्दल दिवसभरात तिला कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. वाचकहो, तुम्हीही इथवर आलात आणि विचारलं नाहीत. या सहकार्याबद्दल शाळा आपली आभारी आहे.