रुमालातला उपरा कागद

"माझी मुलं खोटा कागद नुसत्या वासावरून ओळखतील, वासावरून!" परीक्षेच्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये गोविंदरावांनी टेबलावर थाप मारून सांगितलं, आणि टेबलावरचा चहा उडून सुभाषचंद्रांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. दुसरा कुणी असता तर तिथेच सावध झाला असता. पण गोविंदरावांनी जन्मभर मास्तरकी केली होती. समोरचा माणूस सदरा पुसतोय की आपलं म्हणणं लिहून घेतोय, यातला फरक त्यांना कधी कळलाच नाही!

झाशीच्या एका शाळेत इतिहास शिकवून गोविंदराव निवृत्त झाले. मोडी वाचता येणारी जी चार म्हातारी माणसं गावात उरली होती, त्यांतले ते एक. म्हणून विद्यापीठाने दर गुरुवारी एम.ए.च्या मुलांना शिकवायला त्यांना बोलावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मोठ्या उमेदीने विचारलं, "सांगा पाहू, इतिहास कुठून येतो?"

बरुआसागरहून बसने येणारा अजय ताडकन उठला. "सर, कुंजी से!" म्हणजे बाजारात मिळणाऱ्या गाइडमधून.

त्या दिवशी गोविंदरावांना जेवण गेलं नाही. 'ही मुलं खरा कागद हातात धरतील, त्याला प्रश्न विचारतील आणि मगच पास होतील!' त्यांनी निर्धार केला. इतका जोरात केला की स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी अनुसूयाबाई म्हणाल्या, "हळू! शेजारी झोपलेत!"

पण खरा कागद आणायचा कुठून? तो होता सुभाषचंद्रांकडे. लक्ष्मी ताल या तळ्याजवळ राहणारे हे निवृत्त हेडक्लार्क. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या अमदानीत कारकुनी करायला इकडे आले आणि इकडचेच झाले. त्या पूर्वजांचे मोडी कागद त्यांनी लाल कापडाच्या रुमालात बांधून देवघराशेजारी ठेवले होते. महिनाभर विनवण्या केल्यावर ते तयार झाले, पण अट घालूनच.

"रुमाल माझ्या देखत सुटेल, माझ्या देखत बांधला जाईल. और एक बात, गोविंदराव! आमच्या पुरखांबद्दल कुणी वावगा शब्द काढला, की रुमाल घरी. हमेशा के लिए!"

रुमाल गेला की वर्ग पुन्हा कुंजीवर येणार, हे गोविंदरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी अट मान्य केली आणि रुमाल सोडला. सगळ्यात वरचा कागद दिसला आणि त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सुभाषचंद्रांच्या खापरखापरपणजोबांच्या इमानदारीची तारीफ करणारा तो अस्सल जुना कागद चकाकत होता! सुभाषचंद्रांनी त्याला स्टेशनजवळच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणलं होतं. आपल्या आजोबांना कुणी पॉलिथिनच्या पिशवीत भरून ठेवलंय असं गोविंदरावांना वाटलं.

"अब सौ साल टेन्शन नहीं!" सुभाषचंद्र अभिमानाने म्हणाले.

गोविंदरावांनी मान डोलावली. रुमाल महत्त्वाचा होता.

तर, मुलं तयार झाल्यावर परीक्षेची वेळ आली आणि गोविंदरावांच्या डोक्यातून ती नामी कल्पना निघाली: खऱ्या कागदांत एक खोटा कागद घुसडायचा. मुलांनी तो शोधून काढायचा. सुभाषचंद्रांनाही पत्ता लागू द्यायचा नाही!

बुधवारी दुपारी प्रेम नगरातल्या आपल्या घरी उद्योगाला सुरुवात झाली. रद्दीतून मिळालेल्या जुन्या वहीचा कोरा कागद त्यांनी चहाच्या काळ्याकुट्ट पाण्यात बुडवला, ओट्यावर वाळवला, बोरू तासला, शाई कालवली. आणि मग अडलं. लिहायचं काय? आयुष्यभर दुसऱ्यांचे जुने कागद वाचणाऱ्या माणसाला स्वतःला एक जुना कागद सुचेना! त्याच वेळी अनुसूयाबाई माजघरातून कामवालीला हळदीकुंकवाच्या सूचना देत होत्या. गोविंदरावांनी आयता मजकूर उचलला. 'करायचं' जिथे आलं तिथे 'करणे' केलं, माणसांची नावं गाळली आणि भराभर मोडीत उतरवलं. हात एकदा वळणात पडला की ते काय लिहितायत इकडे त्यांचं लक्ष नसे. अक्षर मात्र मोत्यासारखं येई. शेवटी मुलांसाठी खूण म्हणून 'कुकरच्या तीन शिट्ट्या करणे' असं एक वाक्य टाकायचं होतं. कुकर दिसला की कुणीही कागद पकडलाच असता! पण तेवढ्यात दारावर शेजारी आले, गप्पा रंगल्या, आणि…

आणि गुरुवार उजाडला.

वर्ग भरला. सुभाषचंद्र सदरा बदलून पहिल्या बाकावर बसले. गोविंदरावांनी रुमालातले, मुलांनी अजून न पाहिलेले कागद मांडले आणि आपलाही त्यांत मिसळला. "यात एक कागद खोटा आहे. शोधा. पुराव्याशिवाय कुणाचंही ऐकायचं नाही. माझंसुद्धा नाही!"

"काय?" सुभाषचंद्र उसळले. "माझ्या रुमालात खोटा कागद?"

"परीक्षेपुरता, हो! गंमत बघा!"

मुलं कागदांवर तुटून पडली. भिंग फिरलं, वास घेतले गेले, कुजबूज झाली. थोड्याच वेळात अजय उभा राहिला. "सर, पकड़ लिया!"

"शाब्बास! कोणता?"

अजयने लॅमिनेशन केलेला कागद दोन बोटांत धरून उंच केला.

गोविंदरावांच्या कानात कुकरच्या शिट्ट्या वाजायला लागल्या.

"सर, आपने ही बताया था, ज्या कागदात स्वतःची तारीफ जास्त, तिथे शक जास्त. इसमें सात लाइन में चार बार तारीफ है! आणि चमक देखिए. माझी दसवीं की मार्कशीट भी इतकी चमकत नाही!"

"अरे!" सुभाषचंद्रांच्या तोंडून एवढंच निघालं. ते उठले. बसले. पुन्हा उठले. "हमारे पुरखे झूठे?"

"थांबा, थांबा," गोविंदराव घाईघाईने म्हणाले. "अजय, नीट पाहा. बाकीच्यांत काहीच संशयास्पद नाही? हा कसा वाटतो?" आणि त्यांनी स्वतःचा चहात भिजलेला कागद अलगद पुढे सरकवला.

"सर, तो तर सगळ्यात असली आहे!" श्रेया म्हणाली. श्रेया रेल्वे कॉलनीतली. तिचे वडील भुसावळहून बदलीवर आले आणि राहिले. घरात मराठी ऐकायची, बोलताना मात्र अर्धी गाडी हिंदीच्या रुळांवरून जायची. "यावर तेलाचे दाग आहेत, हळदीचं बोट आहे. म्हणजे हा कागद खरंच वापरला गेलाय. तुम्हीच म्हणता ना, आपल्याला उद्या कोणी वाचणार आहे हे ज्या कागदाला माहीत नसतं, तो सच बोलतो?"

गोविंदरावांनी कागद ओढून घेतला आणि कुकरचं वाक्य शोधायला लागले. वरून खाली शोधलं. खालून वर शोधलं. कुकर नव्हता!

"आणि सर, ही बाई!" श्रेयाचे डोळे चमकत होते. "नाव नाही लिहिलंय, पर हुकूम देखो! मी यावरच प्रोजेक्ट करणार आहे. 'हळदीकुंकवास बायका येणार. मोठे पातेले घासून ठेवणे.' बघा, पूर्ण घर हीच चलवते. आणि घरातला पुरुष एकदम बिनकामाचा आहे."

"बिनकामाचा कशावरून?" गोविंदरावांना राहवलं नाही.

"लिहिलंय ना! 'माळ्यावरील लोणच्याची बरणी उतरविणे. घरधन्यांस सांगू नये.' त्याच्यावर बिलकुल भरोसा नाही."

आपण बुधवारी काय लिहिलं होतं, ते गोविंदरावांच्या आत्ता ध्यानात आलं! कागदात त्यांच्या पुढे आणखी बरंच वाढून ठेवलं होतं.

इकडे सुभाषचंद्र लाल कापड पसरून कागद गोळा करायला लागले होते. "लोणच्याची बरणी असली, आणि आमचा मानाचा कागद नकली! वाह गोविंदराव, वाह! खूब पढ़ाया!"

आता गप्प बसून चालणार नव्हतं. गोविंदराव उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "मुलांनो, तो कागद मी लिहिलाय. काल. माझ्या स्वयंपाकघरात."

मग अख्खा वर्ग हसला.

"सर परीक्षा ले रहे हैं!" अजय म्हणाला. "हम नहीं फँसेंगे! सर, पुरावा?"

"पुरावा काय, मी सांगतोय!"

"माझंसुद्धा ऐकायचं नाही, असं आत्ताच कोण बोललं?"

"अरे, चहाचा वास घेऊन बघ!"

"सर, जुने लोग चाय नहीं गिरा सकते क्या? आज सकाळी तुम्हीच गिरायी!"

"हे बघ, अक्षर जुळवून बघ!" गोविंदरावांनी खडू उचलला आणि फळ्यावर तीच ओळ मोडीत लिहायला घेतली. पण रागाने दाबून लिहिताना खडू मोडला, आणि मोत्यांच्या जागी चुरमुरे उमटले.

अजयने कागद फळ्याजवळ नेला, मन लावून पाहिलं आणि फार हळुवारपणे म्हणाला, "नहीं सर. बुरा मत मानिए. त्या काळच्या माणसाचं अक्षर ज्यादा चांगलं होतं."

गोविंदरावांना एका डोळ्याने रडावंसं वाटत होतं आणि दुसऱ्याने नाचावंसं. कुंजीवाला पोरगा मास्तराच्या शब्दाला पुरावा मागत होता! पण रुमालाची पहिली गाठ बसली होती.

"साक्षीदार आहे," ते म्हणाले. "माझी बायको."

"पत्नी तो आपकी तरफ से ही बोलेगी," अजय म्हणाला.

"बाळा, तू तिला ओळखत नाहीस!"

श्रेयाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "मी विचारते. सर, तुम्ही एक शब्द नाही बोलायचं. साक्षीदाराला पढ़ाना मना है."

पलीकडून आवाज आला, "बोला! काय विसरलात?"

"आजी, मी श्रेया, सरांची विद्यार्थिनी. एका जुन्या कागदातलं वाचून दाखवते, अर्थ सांगाल? 'माळ्यावरील लोणच्याची बरणी उतरविणे. घरधन्यांस सांगू नये…'"

"मुळीच सांगू नये!" अनुसूयाबाई कडाडल्या. "मागची त्यांनीच फोडली!"

श्रेयाची नजर पुढच्या ओळीवर गेली. तिथे लिहिलं होतं: 'मागील बरणी त्यांनीच फोडली.' तिने अजयकडे पाहिलं. अजय भिंग घेऊन जवळ आला.

"आजी, पुढे आहे, 'गूळ आणावयास त्यांस धाडू नये…'"

"वाटेत गप्पा छाटत बसतात आणि निम्मा गूळ तोंडात टाकतात! अगं, हे जुन्या कागदात कसं आलं? आमच्या घरातलं कोण बाहेर सांगतंय? आणि ते तिथे असले तर विचार गं, काल माझ्या डब्यातली चहापत्ती कुठे गेली!"

'वाटेत गप्पा छाटीत बसतात व निम्मा गूळ मुखी पडतो.' अक्षरशः! वर्गात कुणी हसलं नाही. दोन स्वतंत्र साधनं एकमेकांना तंतोतंत जुळताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

"मॅच हो गया," अजय पुटपुटला आणि गोविंदरावांकडे वळला. "सर! मतलब वो बिनकामाचा आदमी…"

"मीच," गोविंदराव म्हणाले.

श्रेयाचा चेहरा मात्र उतरला. तिची बाई हातातून गेली होती. मग एकदम ती फोनवर ओरडली, "म्हणजे ती बाई जिवंत आहे! आजी, मी तुमच्याकडे येऊ? खूप विचारायचंय!"

"ये की. पण येताना गूळ तूच आण."

सुभाषचंद्र विजयी मुद्रेने उभे राहिले. "चला! नकली कागद सापडला. म्हणजे आमचा असली. बोला, मुलांनो!"

"नहीं काकाजी," अजय म्हणाला. "एक खोटा निघाला, तर बाकीचे खरे, असं साबित होत नाही."

सुभाषचंद्रांनी गोविंदरावांकडे पाहिलं. अख्ख्या वर्गाने पाहिलं. एक शब्द पुरेसा होता. 'खरा आहे, मी सांगतो,' एवढं म्हटलं की रुमाल राहिला असता. गोविंदरावांनी तो शब्द जिभेवर आणला, आणि गिळला.

"सुभाषचंद्र, माझं मत विचाराल तर कागद अस्सल आहे. पण पोरगा बरोबर बोलतोय. माझं मत म्हणजे पुरावा नाही. त्याच हाताचे, त्याच काळाचे आणखी कागद समोर आले, जुळवून पाहिले, तरच सिद्ध होईल."

सुभाषचंद्रांनी दुसरी गाठ मारली. रुमाल काखेत घेतला. दारापर्यंत गेले. दारात थांबले. मान लाल, कान लाल.

"आणखी कागद?" ते गरजले. "कितने चाहिए? घरी पेटी भरून पडलेत! सगळे आणतो! आणि हा लड़का जोवर स्वतःच्या तोंडाने 'असली' म्हणत नाही, तोवर याला पास करायचं नाही!"

"मंज़ूर!" अजय म्हणाला.

"पेटी तशीच आणा!" गोविंदराव जिन्यापर्यंत त्यांच्यामागे धावले. "वाटेत लॅमिनेशनवाल्याकडे जाऊ नका हो!"

परत आले तेव्हा श्रेया उपऱ्या कागदाची नोंद करत होती. वर्गात आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद व्हायलाच हवी, हा नियम गोविंदरावांचाच. तिने नोंद तपासायला पुढे केली. गोविंदरावांनी लाल पेन उघडलं, चष्मा नाकावर सरकवला. मोठ्या आशेने त्यांनी एकेक शब्द चाचपला. कुठेतरी चूक असेल, एखादी तरी!

'कागद: बनावट. लेखक: गोविंदराव सर. मजकूर: संपूर्ण विश्वसनीय.'

गोविंदरावांनी लाल पेन बंद केलं आणि निळ्याने खाली सही केली.