मिस्त्रींना ‘हो’ म्हणायचं नाही

सोनकांबळे मिस्त्रींना कोणी ‘बरोबर आहे’ म्हटलं की राग येतो. ते सकाळी माझ्या दारात येऊन विचारतात, "सर, गेटाला दोन इंची पाइप घ्यावा म्हन्तो. काय वाटतं?" आपण साधेपणानं म्हणतो, घ्या. मिस्त्रींचा चेहरा पडतो.

"घ्या काय घ्या? न्हाई म्हना की! इतकं शिकलात अन् एक न्हाई म्हनता येईना?"

मग आपण नको म्हणतो. मिस्त्री प्रसन्न होतात. खुर्ची ओढून बसतात, अर्धा तास दोन इंची पाइपाची बाजू मांडतात, चहा संपवतात आणि "तुमच्यात काय दम न्हाई" असं म्हणून उठून जातात. पाइप शेवटी कोणता घेतला, ते गेट बसल्यावरच कळतं.

मुरुडला माझ्या घरासमोर त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मी लातूरच्या एका दैनिकात बातम्या तपासतो. काम दुपारनंतर सुरू होतं, त्यामुळे सकाळी मी मिस्त्रींच्या तावडीत असतो.

दुकानाच्या पाटीवर दोन नावं आहेत, ‘महेबूब-मारोती वेल्डिंग वर्क्स’. मारोती म्हणजे मिस्त्री. महेबूबभाई त्यांचे सत्तावीस वर्षांपासूनचे भागीदार. पाटी रंगवताना दोघांचं भांडण झालं होतं. प्रत्येकाचं म्हणणं, दुसऱ्याचं नाव आधी पाहिजे. मिस्त्री जिंकले, म्हणून भाईंचं नाव आधी आलं.

दुकानाचा कारभार एकाच नियमावर चालत असे. एक जण हो म्हणाला की दुसऱ्यानं नाही म्हणायचं. मनात काय आहे याला महत्त्व नव्हतं. या नियमाला कारण होतं. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका पाण्याच्या टाकीचा स्टँड करायचा होता. चार पाय पुरेत, असं एक म्हणाला. दुसऱ्याला घरी जायची घाई होती, तोही पुरेत म्हणाला. टाकी भरली आणि स्टँड शेजारच्या गोठ्यावर आडवा झाला. म्हैस वाचली. तेव्हापासून दोघांनीही हो म्हटलेलं काम दुकानात झालं नाही. खिडकीच्या जाळीचं डिझाइन असो की डब्यातली भाजी, त्यावर वाद व्हायचा. ज्याचे शब्द आधी संपतील तो हरला. गिऱ्हाईक हे सगळं उभं राहून ऐकत असे आणि बहुधा पुन्हा येत असे.

गेल्या दिवाळीनंतर महेबूबभाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मुलगा नांदेडला नोकरीला आहे, तो त्यांना तिकडे घेऊन गेला. बोलणं परत येऊ शकतं, पण पेशंटनं स्वतः प्रयत्न केला पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाई प्रयत्न करत नव्हते. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. सहा महिन्यांत त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता.

झटक्याच्या आठ दिवस आधी भाईंनी एक काम घेतलं होतं. किनवटकडच्या एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरासाठी स्टीलची सहा टेबलं करायची होती. मिस्त्री म्हणाले होते, "आपलं लोखंडाचं काम. पातळ स्टील आपल्याला झेपनार न्हाई." भाई म्हणाले होते, झेपेल. तो वाद अर्ध्यावर राहिला. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी टेबलं द्यायची होती.

आता अडचण मशीनची होती. दुकानातला जुना वेल्डिंग सेट तेलानं थंड होणारा, बैलाएवढा जड आणि बैलासारखाच घुमणारा. त्यावर रॉडनं पातळ स्टील जोडायला गेलं की जोड होण्याआधी भोक पडे. मिस्त्रींनी नव्या मशीनची चौकशी सुरू केली. एकाच पेटीत तीन कामं होतात म्हणे. रॉड चालतो, आपोआप पुढे सरकणारी वायर चालते, आणि गॅसच्या आवरणात टंगस्टनच्या सुईनं नाजूक जोडकामही होतं. स्टीलच्या टेबलांना ही सुई हवी होती.

कोणतं मशीन घ्यावं, हे मिस्त्रींनी औषधवाल्याला विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं, पोस्टमनला विचारलं. सिंगल फेज की थ्री फेज? गॅसची टाकी भाड्यानं की विकत? सगळे म्हणाले, घ्या की काका. मिस्त्री दिवसेंदिवस खचत गेले.

"गावात एक मानूस आडवा येईना, सर. मग मानसानं इचार कसा करावा?"

मी रोज नाही म्हणत होतो. पण मला वेल्डिंगमधलं काहीच कळत नसल्यामुळे माझं नाही मिस्त्रींना चालत नव्हतं. "तुमचं न्हाई पोकळ हाय," ते म्हणायचे.

लातूरच्या तीन दुकानांनी मशीनची स्तुती केली. मिस्त्री तिन्ही दुकानांतून उठून आले. चौथा दुकानदार म्हणाला, "काका, तुमच्यासाठी न्हाई हे मशीन. आधी दुकानातली वायर बदला, ती जळून जाईल. अन् हे शिकायचं वय हाय का तुमचं?" मिस्त्री त्याच्याशी दोन तास भांडले आणि मशीन घेऊन टेम्पोतून परत आले. घेऊ नका म्हणणाऱ्या एकमेव माणसाकडून खरेदी झाली. मी ही घटना घरी सांगितली तेव्हा कोणाला ती समजली नाही. मलाही ती पूर्ण समजली आहे, असा माझा दावा नाही.

मशीन लाल रंगाचं, शिलाई मशीनच्या खोक्याएवढं. पुढे केबल लावायच्या दोन जागा, एक अधिकची, एक उण्याची. मिस्त्रींनी आधी दुकानात नवी जाड वायर ओढून घेतली. मग रॉड लावून पाहिला. रॉड धरायचा होल्डर अधिकला, आणि जोडायच्या लोखंडाला चिमटा लावायची अर्थची केबल उण्याला. रॉड लोण्यात फिरल्यासारखा फिरला. बाजारातले दहा-बारा जण बघायला जमले होते, त्यांनी वाहवा केली. मिस्त्रींनी त्यांना हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी होल्डर काढून त्या जागी सुई बसवायची मूठ, म्हणजे टॉर्च, लावला. गॅस सोडला. ठिणगी पडली आणि सुईचं टोक वितळून त्याचा गोळा झाला. मिस्त्रींनी दुसरी सुई घासून टोकदार केली. तिचाही गोळा झाला. दुपारपर्यंत चार सुया गेल्या.

मशीनसोबत इंग्रजी पुस्तिका होती. ती मी वाचायची असं ठरलं. मी वाचली. त्यात एक तक्ता होता आणि त्या तक्त्यात टॉर्च अधिकला लावा असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते मिस्त्रींना मराठीत सांगितलं.

"तिथंच तर लावलाय."

"मग बरोबर आहे."

"बरोबर हाय तर सुई कामून वितळून राहिली?"

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, करंट कमी करा. करंट कमी केला, सुई जरा सावकाश वितळली. गॅस वाढवला, काही फरक पडला नाही. पोस्टमन म्हणाला, हवेचा दोष असेल. मिस्त्रींनी दुकानाचं शटर अर्धं ओढून काम केलं. सुई वितळलीच. केबलींची अदलाबदल करून पाहावी, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. सत्तावीस वर्षं ज्या सेटवर त्यांनी काम केलं, त्याला कोणतीही केबल कुठेही लावली तरी सारखंच चाले. केबलीला उलट-सुलट असतं, ही गोष्टच त्यांच्या धंद्यात नव्हती.

शाळा उघडायला तीन आठवडे उरले. स्टीलचे पत्रे कापून भिंतीला टेकवून ठेवले होते. मिस्त्री त्यांच्यासमोर बसून राहत. आता ते माझ्याकडेही विचारायला येईनासे झाले.

मिस्त्री दर गुरुवारी नांदेडला जात. मशीनच्या दुकानांत चौकशीला जातात, अशी माझी समजूत होती. त्या गुरुवारी मला सुट्टी होती आणि पुस्तिका मी वाचली असल्यामुळे सोबत गेलो. नांदेडला उतरल्यावर मिस्त्री कोणत्याही दुकानाकडे वळले नाहीत. ते थेट महेबूबभाईंच्या मुलाच्या घरी गेले.

भाईंच्या बायकोनं, भाभींनी, दार उघडलं. "सवेरे से दीवार कू देखतै पडे हैं," त्या म्हणाल्या. "पानी बी मांगते नै."

मिस्त्रींनी तब्येतीची चौकशी केली नाही. पलंगाजवळ बसले आणि भिंतीकडे वळलेल्या पाठीला सांगू लागले. "भाई, टॉर्च अधिकला लावला, अर्थ उन्याला. पुस्तकात तसंच हाय, हे सर वाचून आलेत. हेच बरोबर हाय. यात काय चूक असूच शकत न्हाई."

मग चादरीतून भाईंचा डावा हात बाहेर आला. दोन बोटं ताठ झाली आणि मनगट पालथं झालं.

"उलटं?" मिस्त्री ओरडले. "उलटं करू म्हन्ता? मशीन बघितलं का तुम्ही?"

मनगट पुन्हा पालथं झालं.

भाईंनी ते मशीन पाहिलेलं नव्हतं. त्या जातीचं दुसरंही त्यांनी कधी चालवलेलं नव्हतं. मिस्त्री एक बाजू म्हणाले, म्हणून त्यांनी दुसरी दाखवली. याहून जास्त अर्थ त्या हाताला होता असं मला वाटत नाही. मिस्त्री मात्र परतीच्या एसटीत लातूर येईपर्यंत त्या हाताशी भांडत होते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी केबली उलट्या लावल्या. टॉर्च उण्याला, अर्थ अधिकला. सुईचं टोक जसंच्या तसं राहिलं आणि पत्र्यावर माशाच्या खवल्यांसारखी बारीक, सरळ ओळ उमटली. मी घरी येऊन पुस्तिका पुन्हा उघडली. मी वाचलेला तक्ता वायरच्या कामाचा होता. सुईचा तक्ता पुढच्या पानावर होता आणि त्यात नेमकं उलट लिहिलं होतं. चूक माझी होती. मी समोर जाऊन तसं सांगितलं. मिस्त्रींनी टॉर्च खाली न ठेवता मान डोलावली.

सहाही टेबलं वेळेत झाली आणि टेम्पोनं किनवटला गेली. ती पोहोचल्याचा शाळेचा फोन मी स्वतः ऐकला.

त्यानंतरच्या गुरुवारीही मी नांदेडला गेलो. भाईंना आनंदाची बातमी देताना आपण असावं, एवढाच हेतू होता. भाई तसेच भिंतीकडे वळून पडले होते. मिस्त्रींनी हातपाय धुतले, पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "भाई, तुमचं चुकलं. उलटं लावून बघितलं. न्हाई चाललं."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"सगळ्या सुया गेल्या. टेबलं काय होत न्हाईत आता. मी आधीच म्हनलो होतो, हे काम घेऊ नका. तुमच्यामुळं दुकानाचं नाव गेलं."

खोटी वाक्यं खोडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ही मी खोडली नाहीत.

पलंगावर हालचाल झाली. भाई वळले. त्यांनी आधी मिस्त्रींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते असो, पण त्यांचा चेहरा लाल झाला. डाव्या कोपरावर भार देऊन ते उठायची धडपड करू लागले. मिस्त्रींनी एक हात त्यांच्या पाठीमागे घातला, पण बोलणं थांबवलं नाही. "खरं तेच सांगून राहिलो. पटत नसंल तर बोला. गप कामून बसलात?"

भाभी कणकेच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. भाईंचं तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या, घशातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही हवाच आली. तिसऱ्यांदा शब्द आला, फाटका आणि घोगरा.

"झूट."

भाभींनी कणकेचा हात तोंडावर धरला. मिस्त्रींनी भाईंच्या पाठीमागचा हात आणखी घट्ट केला, कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "काय? ऐकू न्हाई आलं. जरा मोठ्यानं बोला."