मंदीतलं भरभराटीचं बंदर

जगाचा व्यापार मंदावला की आधी जहाजं रिकामी होतात, मग बंदरं ओस पडतात आणि शेवटी समित्या भरतात. हा क्रम आजवर कुठल्याही देशाने मोडलेला नाही. आपल्याकडे सुधारणा एवढीच, की मंदी आली तेव्हा बंदर अजून बांधायचंच होतं. त्यामुळे ते ओस पडण्याचा धोका मुळातच टळला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. बोईसरजवळच्या नवापूरच्या बाजूला एका खाडीच्या तोंडाशी कंटेनर बंदर करायचं, असं तेजीच्या दिवसांत ठरलं होतं. कंटेनर म्हणजे खोलीएवढी लोखंडी पेटी. लोकांना कल्पना यावी म्हणून एक रिकामा निळा कंटेनर आणून खाडीकाठी ठेवण्यात आला. मान्यवरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, पापलेट खाल्लं आणि ते गेले. पाठोपाठ बँकॉकपासून सुरुवात होऊन पूर्वेकडच्या देशांची चलनं गडगडली, तारापूरच्या कारखान्यांत तीन पाळ्यांची एक पाळी झाली, आणि बंदराचं काम योग्य वेळ येईपर्यंत थांबवण्यात आलं. (योग्य वेळ कोणती, हे ठरवायला उपसमिती नेमली. तिची पहिली बैठक योग्य वेळी व्हायची आहे.)

काम थांबलं तरी नेमणूक थांबत नाही. बंदर निरीक्षक म्हणून नागोराव रुजू झाले. मूळचे परभणीकडचे. समुद्र त्यांनी त्याच दिवशी प्रथम पाहिला. तो एवढा मोठा असेल याची खात्याने पूर्वसूचना द्यायला हवी होती, असं त्यांचं मत पडलं. जवळच्या सरावलीला खोली घेऊन ते रोज सायकलने खाडीवर येत, कंटेनर जागेवर असल्याची खात्री करत आणि महिनाअखेरीस कळवत : आलेले कंटेनर, निरंक. गेलेले कंटेनर, निरंक. अपघात, निरंक. या शेवटच्या बाबतीत जगातलं कुठलंच बंदर आपल्यापुढे नव्हतं.

अडचण एकच होती. कंटेनर नवसीच्या वाळवणावर बसला होता.

नवसी ही तिथल्या मच्छीमार आळीतली. नवरा बोटीवर, आणि घर चालायचं ते तिच्या सुक्या बोंबलांवर. बांबूंना दोऱ्या ताणून बोंबील वाळत घालायची ती तिच्या सासूच्या वेळेपासूनची जागा. कंटेनरच्या सावलीत बोंबील वाळत नाही, कुजतो. दिवाळीनंतरचा पहिला माल असाच कुजला आणि तिने तो स्वतःच्या हाताने खाडीत टाकला. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी नागोरावांसमोर येऊन उभी राहू लागली.

"सायेब, ह्यो डबा कवा उचलनार?"

"डबा नाही, नवसीबाई. कंटेनर. तेजी आली की जहाज येईल, जहाज आलं की हा जाईल."

"आन् तेजी कवा येनार?"

"ते बँकॉकला ठरतं."

"मंग बँकॉकला सांगा, नवसीचं बोंबील कुजतंय."

नागोराव काही दगड नव्हते. तिच्या टोपलीतला कुजक्या बोंबलांचा वास त्यांच्या डोक्यातून जाईना. पण कंटेनर हलवायचा अधिकार निरीक्षकाला नव्हता. त्याला फक्त निरीक्षणाचा होता.

नवसीने मग बँकॉकची वाट पाहणं सोडलं. पुनवेच्या भरतीला तिने आळी गोळा केली. दोन होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या, कंटेनर ओंडक्यांवरून लोटत त्यावर चढवला आणि पाणी उतरायच्या आत पलीकडच्या काठाला नेऊन ठेवला.

नागोराव आले तो बंदरातला सगळा माल नाहीसा झालेला.

"गेला," नवसी म्हणाली.

"कुठं गेला?"

"पल्याड."

नागोरावांनी शांतपणे विचार केला. माल या काठाला होडीत चढला, पाण्यावरून गेला, त्या काठाला उतरला. याला चोरी म्हटलं तर आपली नोकरी जाते, नवसीही आत जाते. पण निर्यात म्हटलं तर? त्या महिन्यात त्यांनी कळवलं : गेलेले कंटेनर, एक.

पलीकडच्या काठाला नवसीची धाकटी बहीण चिमी दिलेली होती, आणि कंटेनर नेमका तिच्या वाळवणावर उतरला होता. नवसीला हे ठाऊक नव्हतं असं नवसी म्हणते. अवसेच्या भरतीला चिमीने तो परत पाठवला. (आयात, एक.) पुनवेला तो पुन्हा गेला. असं महिन्यामागून महिने चाललं. चिमीच्या लेकीचा साखरपुडा झाला आणि नवसीला बोलावणं आलं नाही. नवसीने त्या दिवशी दार लावून घेतलं. बंदराच्या दृष्टीने मात्र तो काळ सुवर्णाचा होता.

मोठमोठ्या बंदरांची वाहतूक घटत असताना इथली वाढतच गेली. आधीच्या वर्षी शून्य असल्यामुळे वाढ किती टक्के, हे मुख्यालयाला काढता येईना. (शून्याने भागता येत नाही, ही गणितातली जुनी उणीव आहे, तिच्याकडे अद्याप कोणी गंभीरपणे पाहिलेलं नाही.) इंधनखर्च शून्य, संप शून्य, मालाची नासधूस शून्य, कारण माल शून्य. अशा बंदराकडे लक्ष जाणं अटळ होतं. मंदीपश्चात बंदर-भवितव्य समिती जीपगाड्यांतून आली.

अध्यक्षांनी कंटेनर खाडी ओलांडताना डोळ्यांनी पाहिला. ते म्हणाले, "नागोराव, जगाला जमलं नाही ते तुम्ही केलंत. एवढ्या वाहतुकीला ही जागा अपुरी आहे. दोन्ही काठ ताब्यात घेऊ. तारेचं कुंपण घालू."

"साहेब, दोन्ही काठांवर मासळी वाळते," नागोराव म्हणाले.

"ती दुसरीकडे वाळेल. ऊन सगळीकडे असतं."

नवसी मागेच उभी होती. ती सगळं ऐकून वळली. होडीत बसली आणि पलीकडे गेली. चिमी ओट्यावर फाटकं जाळं तुणत होती. तिने मान वर केली नाही, पण पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"चिमे, माजं बी जानार, तुजं बी जानार. तारा मारनार हायेत."

चिमीने जाळं खाली ठेवलं. मग म्हणाली, "साखरपुड्याला का नाय आलीस?"

"बोलावलंस कुठं?"

"तुला बोलवाया लागतंय व्हय गो?"

दोघी रडल्या. (समितीच्या अहवालात या बैठकीचा उल्लेख नाही.)

पुढच्या भरतीला दोन्ही आळ्या एकत्र आल्या आणि त्यांनी कंटेनर खाडीच्या मधोमध चिखलाच्या उंचवट्यावर नेऊन रुतवला. तो निम्मा बुडाला आणि तसाच राहिला.

"सायेब, आता त्यो कोनाच्याच जागंवर नाय," नवसी म्हणाली.

नागोराव काठावर उभे राहून पाहत राहिले. कंटेनर ना आलेला, ना गेलेला. निरंक कळवलं तर मंदी आली असा अर्थ होईल. कुंपणाचे खांब तर येऊन पडले होते. त्यांनी नवसीकडे पाहिलं, चिमीकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या अधिकारात नवा रकाना आखला : धक्क्याला लागण्याच्या प्रतीक्षेत, एक.

मुख्यालयात आनंदाची लाट उसळली. जहाजांना थांबावं लागतं म्हणजे गर्दी, आणि गर्दी म्हणजे तेजी. शिवाय जमिनीवर एकही कंटेनर नसल्याने जमीन घेण्याचं कारण उरलं नाही. प्रश्न पाण्यातल्या गर्दीचा ठरला आणि दुसऱ्या खात्याकडे वर्ग झाला. कुंपणाचे खांब नवसीने बोंबलांच्या दोऱ्या बांधायला घेतले, आणि त्या कामाला ते फार उत्तम ठरले. चिमीच्या लेकीच्या हळदीला ती तीन दिवस आधीच जाऊन बसली.

नागोरावांना बढती मिळाली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बोईसरला 'मंदीकालीन बंदर व्यवस्थापन' या विषयाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. प्रात्यक्षिक नाही, कारण बंदर नाही. बाकी सर्व आहे. आता वाचक म्हणतील, एवढं उघड असून लोकांच्या लक्षात कसं येत नाही? प्रश्न रास्त आहे. तो प्रवेशाच्या दिवशी संस्थेच्या फाटकासमोरच्या रांगेत आम्हालाही पडला होता, पण विचारायचा राहून गेला. वाचकहो, आपण आमच्या पुढेच उभे होतात. मुलाचा दाखला हातात होता, आणि खिडकी बंद होईल या काळजीने आपण मागे वळूनही पाहिलं नाही.