परब मॅडम आणि एका खोलीतले नऊ जण

आमच्या परब मॅडम कॉम्प्युटरच्या पडद्याशी मालवणीत बोलतात. पडद्यावर असतो युरोपातला कुणीतरी गोरा, नवं खोटं खातं उघडून पुन्हा बोनस घ्यायला आलेला. मॅडम चष्मा वर ढकलतात, म्हणतात, "इलंस परत? ये, बस." आणि त्याचं खातं बंद करतात.

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात परदेशातल्या एका ऑनलाइन जुगाराच्या साइटवरची लबाडी पकडायचं काम चालतं. साइट नव्या गिऱ्हाइकाला खेळायला थोडे पैसे फुकट देते, तो बोनस. एका माणसाला एकदाच. मग लोक बायकोच्या, मेव्हण्याच्या, वारलेल्या आजोबांच्याही नावाने खाती उघडतात. मी पाहुण्यांना 'फायनान्समध्ये आहे' एवढंच सांगून विषय बदलतो. परब मॅडम भांडुपच्या त्यांच्या सोसायटीत ताठ मानेने सांगतात, "मी जुगारात आहे. चोर पकडते."

ही सवय घरीही सुटत नाही. सोसायटीच्या हळदीकुंकवात एका बाईंनी स्वतःचं वाण घेतलं आणि थोड्या वेळाने जावेसाठी म्हणून दुसरं मागितलं. मॅडमनी हसत हसत जावेला व्हिडिओ कॉल लावला. जाऊबाई नाशिकला होत्या आणि आपण वाण मागवलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या बाई अजून मॅडमशी बोलत नाहीत. मॅडमच्या लेखी तो विषय 'डुप्लिकेट खातं' एवढ्यावर मिटला.

अशा बाईने एकदा चोरांची बाजू घेतली, तेव्हा आम्ही सगळे हादरलो.

युरोपातल्याच एका शहरातली नऊ खाती होती. पत्ता एक, वायफाय एक, फोनही आलटून पालटून तेच. सगळ्यांनी एकाच आठवड्यात बोनस घेतलेला. सिस्टिमने लाल खूण केली. आमचा मॅनेजर रोहन मुलुंडचा, मॅडमपेक्षा वयाने लहान, माणूस चांगला. तो म्हणाला, टोळी आहे, बंद करा. बंद केलं की त्यांचे पैसे जप्त आणि नावं कायमची लबाडांच्या यादीत.

मॅडम म्हणाल्या, ही गावकीची खोली आहे. रोहनला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. पूर्वी कोकणातल्या गावांनी मुंबईत एकेक खोली धरलेली असायची. गावचे गिरणीकामगार तिथेच राहायचे. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच वळकटीवर रात्रपाळीचा येऊन आडवा व्हायचा. मॅडमचे वडील अशाच खोलीत राहिले होते. या नऊ जणांच्याही खेळायच्या वेळा पाळीसारख्या ठरलेल्या होत्या. एक जण दर वेळी आपल्या हरणाऱ्या टीमवरच पैसे लावायचा, दुसरा चिल्लर लावून तासभर चक्र फिरवत बसायचा.

"अरे, एकच माणूस नऊ प्रकारचा मूर्खपणा करू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "खेळतात ते वाईटच. पण चोर नाहीत रे ते."

रोहन म्हणाला, चूक निघाली तर तुमची टीम लीडरची खुर्ची जाईल. मॅडम म्हणाल्या, जाऊ दे. आणि सगळ्यांना एकत्र व्हिडिओ कॉलवर यायला सांगितलं.

रविवारी ते आले. कुठल्याशा गोदामात राबणारी माणसं, एकमेकांना चिकटून उभी. एकाच्या हातात स्वयंपाकाचा डाव तसाच होता. प्रत्येकाने आपापलं ओळखपत्र दाखवलं. रोहनने नकारार्थी मान हलवली, म्हणाला, अशी माणसं ओळखपत्रांसकट भाड्याने मिळतात. तेव्हा मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, दारातले बूट दाखवा.

ते गोंधळले, मग हसले आणि फोन दाराकडे नेला. चिखलाचे, टाचा झिजलेले, एक लेस नसलेला, लहानमोठे, नऊ जणांचे नऊ जोड. कॉलपुरती माणसं आणणारा लबाड दारात रोजचे बूट मांडण्याइतका खोलवर विचार करत नाही. रोहनने तिथल्या तिथे खाती मोकळी केली. मला बाईंचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी घरी फोन करून पहिल्यांदाच माझं खरं काम सांगितलं.

चहाला गेलो तेव्हा मी म्हटलं, मॅडम, मानलं तुम्हाला. एरवी त्या अर्धा तास फुशारक्या मारतात. आज त्यांनी मुलाचा विषय काढला. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रथमेश गेल्या वर्षी शिकायला कॅनडाला गेला. तिथे स्वतंत्र खोली मिळालीय, असं त्याने कळवलं होतं.

"कॉलवर नेहमी भिंतीला टेकून बसतो," त्या म्हणाल्या. "आणि शेजारी कुणीतरी घोरत असतं."

मी विचारलं, मग तुम्ही पकडलं नाहीत?

"नाही रे. केवढ्या अभिमानाने सांगतो. मी म्हणते, छान आहे हो तुझी खोली."